मासळीच्या रांगेत लेफ्ट विंगर

सामना संपून माणसे पांगली की मैदानाच्या कडेला दोन-चार चपला हमखास उरतात. त्यांना धनी नसतो, एकीची जोडी दुसरीशी जुळत नाही, आणि तरीही त्या फेकून देण्याचा धीर कोणाला होत नाही. फुटबॉलच्या किश्शांचे अगदी तसेच आहे. माझ्याकडे ते इतके साठले आहेत की आता रांगेत मांडून ठेवलेले बरे. मी स्वतः फुटबॉलला आयुष्यात एकदाच पाय लावला, तोही तो माझ्या वाळवणात येऊन पडला म्हणून. तरीसुद्धा पुरती दोन वर्षे मी एका फुटबॉल संघाची अध्यक्ष होते.

आमचे गाव मुलचेऱ्याकडच्या जंगलातले. गडचिरोली जिल्हा चांद्यापासून वेगळा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षे झाली असावीत. गावात अर्धी घरे धान पिकवणाऱ्या जुन्या कुटुंबांची आणि अर्धी बंगाली निर्वासितांची. बंगाल्यांनी येताना दोन गोष्टींचे वेड आणले: मासळीचे आणि फुटबॉलचे. मासळी गावाला आधीपासूनच प्रिय होती. फुटबॉलला वेळ लागला.

मी शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले होते आणि माझे घर शाळेच्या मैदानासमोरच होते. दोन्ही जिल्ह्यांच्या मिळून होणाऱ्या स्पर्धेसाठी संघाला ‘एक जबाबदार अध्यक्ष’ लागे. गावात जबाबदार म्हणावीत अशी दोनच माणसे निघाली: मी, जुन्या काळची मॅट्रिक, आणि दुसरे दारूच्या दुकानाचे ठेकेदार. गावाने बराच विचार करून माझी निवड केली, असे मला नंतर कळले.

निवड झाली त्याच संध्याकाळी सरपंच मारोतराव माझ्या ओसरीवर आले. त्यांची अडचण खरी होती. मंगळवारचा बाजार मोठ्या रस्त्यावर भरे आणि बांबूचे ट्रक भाज्यांच्या टोपल्यांना घासून जात. त्यांना बाजारासाठी शाळेचे मैदान हवे होते.

“बाई, हे पोट्टे रोज धुरळा उडवून राह्यले, अन् कप तं एक बी नाई आणला,” ते म्हणाले. “यंदा कप आणा, मैदान तुमचं. नाई आणला तं मंगळवारचा बाजार इथी. मंजूर?”

मी मंजूर म्हटले. मी तोवर आमच्या संघाला खेळताना पाहिलेले नव्हते!

* * *

पाहिले ते दुसऱ्या दिवशी. अंगणात कण्या टाकल्यावर कोंबड्या जशा एका जागी गोळा होतात, तसे आमचे सर्व खेळाडू चेंडूभोवती गोळा झाले होते. चेंडू डावीकडे गेला की सगळा जथा डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. उरलेले मैदान रिकामे. त्यावर एक गाय निवांत चरत होती आणि तिला दुपारभर कोणाचाही उपद्रव झाला नाही.

आमचे प्रशिक्षक म्हणजे तपनदा. बंगाली वस्तीतले शिंपी, कलकत्त्याकडे लहानपण गेलेले, मितभाषी. मी त्यांना विचारले, “यांतला गोलकीपर कोणता?”

त्यांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून त्या जथ्याकडे बराच वेळ पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “बाई, जरा धूल बैठने दो.”

* * *

तपनदांना विचार सुचला की तो हाताशी जे कापड असेल त्यावर शिंप्याच्या खडूने उतरत असे. त्यांच्या मते आमचा संघ मागे दोन, मध्ये तीन आणि पुढे पाच अशा जुन्या रचनेत खेळत होता. माझ्या मते तो कोणत्याच रचनेत खेळत नव्हता. पण नव्या अध्यक्षाने लगेच बोलू नये.

त्यांना हवे होते चार-तीन-तीन. मागे चार बॅक, मध्ये तीन हाफ, पुढे तीन फॉरवर्ड. त्या तिघांपैकी दोन विंगर अगदी कडेच्या रेषेला चिकटून उभे राहणार. त्यांना अडवायचे तर समोरच्या बचावाला रुंद पसरावे लागते. बचाव पसरला की मध्ये फट पडते आणि त्या फटीतून मधला फॉरवर्ड घुसतो. कल्पना इतकी स्वच्छ होती की माझ्यासारखीलाही ती एका वाक्यात समजली. संघाला समजायला एक पावसाळा गेला.

ही रचना त्यांनी प्रथम मांडली ती ग्रामसेवकांच्या पँटच्या कापडावर. पुसायचे राहून गेले, पँट शिवून झाली, वरून इस्त्री फिरली आणि खडू कापडात पक्का बसला. पंधरा ऑगस्टला ग्रामसेवक ती नवी पँट घालून आले, झेंड्याकडे तोंड करून ताठ उभे राहिले, आणि मागे उभ्या असलेल्या सबंध गावाला त्यांच्या बैठकीवर आमचे तीन फॉरवर्ड स्पष्ट दिसले.

ग्रामसेवक तडक दुकानात गेले, पाठ फिरवून उभे राहिले आणि ओरडले, “हे काय आहे?”

तपनदांनी चष्मा लावला. खाली वाकून नीट पाहिले. मग मान हलवली. “हां, ये गलत है. लेफ्ट विंगर को और बाहर होना चाहिए!”

* * *

रचना झाली. मग आले प्रेसिंग.

चेंडू प्रतिपक्षाकडे गेला की आमच्याकडची रीत अशी होती: प्रथम एकमेकांच्या वडीलधाऱ्यांचा उद्धार करायचा, मग कमरेवर हात ठेवायचे, आणि मग आपल्या गोलकडे पळत सुटायचे. तपनदांनी ही रीत मोडली.

“बॉल गेला तो मागे नाही, पुढे पळायचा!” ते सांगत. “उधरच, उनके घर में. वो डोका वर काढेल, उसके पहले तीन आदमी उसके पास.”

एकाने थेट चेंडूवर जायचे, दुसऱ्याने मैदानाच्या मध्याकडे जाणारी वाट बंद करायची, तिसऱ्याने रेषेलगतची पुढची वाट बंद करायची. चौथा पहारेकरी म्हणजे कडेची रेषा. ती कधी दमत नाही आणि पाणीही मागत नाही. हे सर्व केव्हा करायचे? प्रतिपक्षाचा पहिला स्पर्श लांब गेला तेव्हा, किंवा तो स्वतःच्या गोलकडे तोंड करून उभा राहिला तेव्हा. म्हणजे तो गोंधळलेला असतानाच. सभ्यतेच्या दृष्टीने हे योग्य नव्हे, असे मी म्हटले. “सभ्यता हाफटाइम में,” तपनदा म्हणाले.

अडचण लालसूची होती. लालसू हा आमचा मधला फॉरवर्ड, वनखात्याच्या रोपवाटिकेत काम करणारा गोंड तरुण. गावात त्याच्याइतका वेगवान कोणी नव्हता, आणि हाच दोष होता. तो सरळ रेषेत धावे. समोरचा एक पाऊल बाजूला सरके आणि लालसू तसाच पुढे निघून बांबूच्या बनात दिसेनासा होई. तो परत येईपर्यंत आम्ही दहाच जण खेळत असू.

धाव कमानीसारखी वळवायची, म्हणजे धावता धावताच मधली वाट बंद होते, हे त्याला शब्दांत पटेना. तेव्हा तपनदांनी सरपंचांचा कोंबडा वापरायला काढला. तो रोज संध्याकाळी मैदानात येई. लालसू बाहेरून वळसा घेऊन येणार, डावा विंगर निताई समोरून येणार, एक हाफ मागून, आणि चौथी बाजू शाळेची भिंत. आठवड्याभरात तिघे मिळून कोंबड्याला न पळवता कोपऱ्यात उभा करू लागले.

एके दिवशी मारोतरावांनी हे पाहिले.

“काऊन बे! माह्या कोंबड्याले काऊन छळून राह्यले?”

तपनदा अदबीने पुढे झाले. “सरपंचसाब, आपका कोंबडा नाही. ये अपोजिशन का राइट बॅक है.”

मारोतराव कोंबड्याकडे पाहत राहिले. तो भिंतीशी अंग चोरून उभा होता. “मंग पास देत काऊन नाई तो?” त्यांनी विचारले.

* * *

सरपंच आशावादी होते. स्पर्धा सुरू होण्याआधीच त्यांनी मैदानात बाजाराची आखणी सुरू केली. रोज संध्याकाळी ते खुर्ची घेऊन येत, कडेला बसत आणि कोतवालाकडून खुंट्या ठोकून घेत. डाव्या रेषेलगत, विहिरीच्या बाजूने, मासळीची रांग. मध्यावर बांगड्यावाल्या. शाळेकडच्या गोलसमोर कांदे-बटाटे. उजवीकडे कपडा.

मी अध्यक्ष या नात्याने हरकत घेतली. तपनदा मात्र खूश झाले. इतके दिवस ते मुलांना ‘वीस पावले पुढे, थोडे आत’ असे सांगून थकले होते. आता मैदानावर आयत्या खुणा आल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सरावात अशा सूचना ऐकू येऊ लागल्या: “निताई, मासळी मत छोडो!” “हाफ लोग, चुडीबाजार खाली काहून आहे?” “मासळी से सीधा जाव, और क्रॉस मारो कांदे में!” आणि लालसूला एकच शिकवण: “तुम कांदे में खडा मत रहना. बॉल आएगा तब आना. पहले से खडा रहेगा तो सब भाव विचारेंगे!”

खुर्चीवर बसलेल्या मारोतरावांना हे प्रथम आवडले नाही. बाजार आपला आणि हुकूम दुसऱ्याचा, हे कोणत्या सरपंचाला आवडेल? पण माणूस रोज एकच गोष्ट पाहू लागला की त्याला त्यातले व्यंग दिसू लागते. एका संध्याकाळी चेंडू गमावल्यावर निताई जागीच उभा राहिला आणि खुर्चीवरून गर्जना झाली.

“अबे निताई! मासोळीची लाइन उघडी टाकून कुठी पाहून राह्यला? तिकून तं बैलगाडी निघून जाईन!”

खेळ थांबवून सगळे खुर्चीकडे पाहू लागले. मारोतरावांच्याही ते लक्षात आले असावे. ते घसा साफ करून कोतवालाला म्हणाले, “खुंटी वाकडी झाली, तेच सांगून राह्यलो.”

* * *

प्रेसिंगमध्ये एक धोका असतो. पुढचे पुढे धावले आणि मागचे मागेच राहिले तर मध्ये एवढी मोकळी जागा पडते की तीत धानाचे पीक घ्यावे. म्हणून चारही बॅकनी एका रेषेत, एकाच वेळी, मध्यरेषेपर्यंत वर यायचे. त्यामुळे मैदान आखूड होते आणि प्रतिपक्षाचा जो फॉरवर्ड मागे रेंगाळला तो आपोआप ऑफसाइड होतो. पण चौघांतला एक जरी मागे राहिला तरी त्याच्या एकट्याच्या आळसामुळे सगळे मुसळ केरात.

आमचे चौघे चार दिशांचे. एक पुढे, एक मागे, एक प्रेक्षकांतल्या कोणाशी तरी बोलत. तपनदांनी उपाय काढला. पलंगाच्या जुन्या नवारीने त्यांनी चौघांच्या कमरा एकमेकांना बांधल्या, मध्ये थोडे अंतर ठेवून, आणि गाठी शिंप्याच्या मारल्या, म्हणजे त्या दुसऱ्या कोणाला सुटेनात.

सराव सामना रंगात आला असताना उजव्या बॅकच्या पोटात कळ आली. आदल्या दिवशी कोणाच्या तरी बारशाचे जेवण झाले होते. त्याने तपनदांना हाक मारली. तपनदा पलीकडच्या गोलपाशी होते. त्याने गाठ सोडण्याचा यत्न केला, गाठ सुटेना. प्रसंग थांबण्यासारखा नव्हता. तेव्हा तो नाल्याच्या दिशेने धावला आणि त्याच्यासोबत उरलेले तिघेही धावले. चौघे एका रेषेत, एका लयीत, एकही पाऊल मागेपुढे न पडता मध्यरेषा ओलांडून, माझ्या कुंपणावरून आणि झुडपांपलीकडे गेले.

मी संकोचाने नजर दुसरीकडे वळवली. तपनदा मात्र भारावलेल्या आवाजात म्हणाले, “देखा बाई? लाइन तुटला नाही!”

* * *

बॅक वर आले की गोलकीपरलाही गोल सोडून पुढे यावे लागते. त्यांच्या पाठीमागे पडलेला चेंडू त्याच्याशिवाय आवरणार कोण? आमचा गोलकीपर सुखदेव एस.टी.त कंडक्टर होता. बौद्ध वस्तीतल्या शिकलेल्या घरातला मुलगा, आवाज खणखणीत. तपनदांनी त्याला गोलपेटीच्या तोंडाशी उभे केले आणि बॅकना सतत पुढे ढकलण्याचे काम दिले. त्या कामात त्याला काही नवे शिकावे लागले नाही.

“पुढं सरका! चला, पुढं सरका! दारात उभं राहू नका!” हे ऐकले की आमचे चारही बॅक मुकाट्याने वर सरकत. या आवाजाची सवय त्यांना नवारीपेक्षा जुनी होती.

नागभीडला सरावाचा सामना होता. सुखदेव रात्रपाळी करून थेट गाडीतून उतरला होता. पहिला अर्धा तास आमची रेषा इतकी सुंदर सरकत होती की नागभीडचे फॉरवर्ड पुनःपुन्हा ऑफसाइड होऊन कावले. मग एकदा आमचे मधले दोघे बॅक एकमेकांपासून जरा लांब गेले. सुखदेवच्या ते ध्यानात आले. पण झोपेने डोळे जड झालेले. तोंडातून गेले ते रोजचेच, आणि पूर्ण आवाजात.

“मधे जागा आहे! मधे जागा आहे!”

नागभीडच्या फॉरवर्डने मागे वळून त्याचे आभार मानले, आणि मधूनच येऊन गोल मारला.

* * *

स्पर्धा सुरू झाली. आम्ही दोन सामने जिंकलो. बाजाराच्या खुंट्या मैदानात होत्याच, त्यामुळे हरलो तर काय होणार, याची आठवण कोणाला करून द्यावी लागत नव्हती. उपान्त्य सामना जिवतीच्या डोंगरात होता आणि जिवतीकर आम्हांला फार सभ्यपणे भेटले. सामन्याआधी जेवण ठेवले होते.

प्रेसिंगला भरल्या पोटाचे वावडे असते. तपनदांनी ट्रकमध्येच बजावले होते की प्रत्येकाने एकच भाकर खायची. पण पंगत बसली आणि मी प्रथमच खरे प्रेसिंग पाहिले. समोरून एक मावशी रस्सा घेऊन आल्या. लालसूने ताटावर हात धरला, तेवढ्यात डावीकडून दुसरीने भात घातला. तो उजवीकडे वळला, तर तिकडे तिसरी बुंदी घेऊन उभी. पाठीमागे भिंत. “पाहुणे, आमच्या घरचं आवडलं नाही का?” असे विचारल्यावर त्याच्या सर्व वाटा बंद झाल्या. एकही खेळाडू त्या वेढ्यातून सुटला नाही. तपनदांनाही तिथल्या तिथे कोंडण्यात आले.

दुसऱ्या अर्ध्यात लालसू चेंडूवर धावून जाई, चार पावलांवर थांबे आणि विचार करी. निताई मैदानात बसूनच सूचना देत होता. तरीही आम्ही एका गोलने जिंकलो. याचे श्रेय रचनेला देण्याचा मोह मला होतो; पण खरे कारण हे की जिवतीचा संघही त्याच पंगतीला बसला होता.

* * *

अंतिम सामना त्या वर्षी आमच्या मैदानावर होता. समोर चांद्याकडचा एक तगडा संघ, सर्वांच्या पायांत बूट. उद्घाटनाला जिल्ह्यातले एक पुढारी आले. खुंट्या एका दिवसापुरत्या उपटण्यात आल्या होत्या आणि मारोतराव नेहमीच्या जागी, डाव्या रेषेला, खुर्चीवर होते. पुढाऱ्यांनी भाषणात मैदानाचा उल्लेख ‘भावी बाजारपेठ’ असा केला. तो कोणाच्या सांगण्यावरून, ते उघड होते.

भाषण संपल्यावर पुढारी चेंडूला पाय लावायला मध्यावर आले. पाय लागला, पण चेंडू पायापासून जरा लांब गेला. सहा महिने ज्या क्षणाची वाट पाहायला शिकवले होते तो क्षण! लालसू कमानीत धावत आला. निताई समोरून. हाफ मागून.

पुढारी चेंडू पायाखाली धरून गोल फिरू लागले. जिकडे वळावे तिकडे आमचा माणूस. “अहो, मला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचे आहे!” ते म्हणाले. त्यांच्या कार्यकर्त्यांना नेमके काय करावे ते सुचेना.

तपनदा रेषेवरून कळवळून ओरडले, “बॅकपास मारो साहेब! बॅकपास!”

पुढाऱ्यांनी घाबरून डोळे मिटले आणि टाच मारली. चेंडू सरळ मारोतरावांच्या खुर्चीपाशी आला. मारोतरावांनी तो पायाने थांबवला, आजूबाजूला पाहिले आणि हळूच निताईला दिला. टाळ्या पडल्या. मारोतराव पुढाऱ्यांकडे न पाहता पानाची चंची उघडून बसले.

* * *

सामना एक-एक असा बरोबरीत होता आणि थोडाच वेळ उरला होता. बदली खेळाडू संपले होते. चांद्याचा राइट बॅक चेंडू घेऊन आमच्या डाव्या रेषेजवळ आला. त्याचा पहिला स्पर्श लांब गेला आणि आमचे लोक सुटले. लालसूने मधली वाट बंद केली. हाफ थेट चेंडूवर गेला. रेषेलगतची पुढची वाट निताईची. निताई निघाला, दोन पावले धावला, आणि पोटरी धरून रेषेबाहेर कोसळला. पेटका!

वाट उघडी होती. राइट बॅकने मान वर केली, मोकळी जागा पाहिली आणि चेंडू मारायला पाय मागे नेला.

आणि त्या जागेत धोतर खोचलेले मारोतराव उभे होते. दोन्ही हात पसरलेले, गुडघे वाकवलेले, नजर चेंडूवर.

राइट बॅक दचकला. त्याने चेंडू आत वळवला. आत लालसू होता. लालसूने चेंडू काढला, सरळ गोलकडे निघाला आणि या वेळी बांबूच्या बनात न जाता गोल मारून परत आला. गावाने असा आवाज केला की झाडांवरची पाखरे नदीपलीकडे गेली.

चांद्याचा सबंध संघ रेफरीभोवती जमला. रेफरी मारोतरावांजवळ आले. ते अजून हात पसरूनच उभे होते.

“आपण कोण?” रेफरींनी विचारले.

“मी सरपंच.”

“मग मैदानात काय करता आहात?”

“दिसून नाई राह्यलं काय तुमाले?” मारोतराव चिडून म्हणाले. “वाट बंद करून राह्यलो!”

गोल रद्द झाला. नियमाप्रमाणे तो रद्द व्हायलाच हवा होता, आणि रेफरींनी माझ्याकडे पाहिले तेव्हा अध्यक्ष या नात्याने मला ते मान्य करावे लागले. वेळ संपली. अंधार पडू लागला होता म्हणून निकाल नाण्यावर गेला, आणि नाणे चांद्याच्या बाजूने पडले. कप ट्रकमध्ये बसून निघून गेला.

मुले मैदानात जिथल्या तिथे बसून राहिली. तपनदांनी गळ्यातली मोजपट्टी काढून खिशात घातली. कप आला नव्हता, आणि ठरले काय होते ते सर्वांना ठाऊक होते. निताई रडत होता. मी त्याला खडसावायला म्हणून गेले आणि पदराने त्याचे तोंड पुसून परत आले.

मारोतराव खुर्चीवर बसून गुडघा चोळत होते. ग्रामसेवक त्यांच्याजवळ गेले आणि अदबीने म्हणाले, “सरपंचसाहेब, कप तर गेला. मग येत्या मंगळवारपासून बाजार इथे, अशी दवंडी द्यायला सांगू ना कोतवालाला?”

मारोतरावांनी वर पाहिले. एकदा ग्रामसेवकांकडे, एकदा मैदानाकडे.

“इथी बाजार?” ते म्हणाले. “अन् मंग मी प्रॅक्टिस कुठी करू?”